गल-विंग दारांची स्प्रिंग आणि गॅस शॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गल-विंग, म्हणजे छपराला बिजागरी असलेलं, पंखासारखं वर उघडणारं दार बेळगाव, खानापूर, निपाणी भागात रोज बघायला मिळत नाही. पण मॉडिफाय केलेल्या गाड्या आहेत, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी बांधलेल्या बॉड्या आहेत, आणि बाजूचा अख्खा पत्रा वर जाणाऱ्या फिरत्या दुकानांच्या व्हॅन तर वाढतच आहेत. या सगळ्यांचा हिशेब एकच. खालचे प्रश्न गॅरेजवाले आणि गाडीमालक दोघांकडून येतात, म्हणून उत्तरं दोघांना वापरता येतील अशी ठेवली आहेत.

स्प्रिंग आहे, मग गॅस शॉक कशाला? किंवा उलट?

दार बंद असताना त्याचा बहुतेक भार बिजागरीच्या खाली लटकलेला असतो, त्यामुळे उचलायला तसं हलकं वाटतं. जसजसं वर जातं तसा भार बिजागरीपासून बाहेर सरकतो. दार आडवं झालं की वजन सगळ्यात जास्त जाणवतं. पूर्ण वर गेल्यावर पुन्हा थोडं कमी. हा चढउतार एकट्या स्प्रिंगने किंवा एकट्या शॉकने नीट सांभाळता येत नाही. म्हणून जड दारांत स्प्रिंग मुख्य ओझं घेते आणि गॅस शॉक (दाबाचा गॅस भरलेली बंद नळी आणि तिच्यातून बाहेर येणारा रॉड) उरलेला भार उचलून दार वर धरून ठेवतो. शिवाय शॉकमधल्या तेलामुळे दार शेवटी धाडकन आपटत नाही.

१९५४ ते १९५७ या काळातल्या मर्सिडीज ३०० एसएल कूपेची दारं स्प्रिंगने तोललेली होती. १९८१ ला आलेल्या डिलोरियनमध्ये छपरात टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगसारखं काम करणारा पोलादी दांडा आहे आणि जोडीला गॅस शॉक. तो बार ग्रुमन या विमान कंपनीने द्रव नायट्रोजनच्या थंडीत पीळ देऊन तयार केला होता.

दार वर थांबत नाही, हळूहळू खाली येतं. स्प्रिंग थोडी आवळून घेऊ का?

नको. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

दार खाली येतं तेव्हा बहुतेक वेळा शॉक संपलेला असतो. स्प्रिंग वर्षानुवर्षं टिकते, गॅस टिकत नाही. पण शॉक विकत आणावा लागतो आणि स्प्रिंग तिथेच हाताशी असते, म्हणून मेस्त्री दोन आटे आवळून देतो. दार थांबतं. सहा महिन्यांनी कुणीतरी नवा शॉक बसवतं. आता आवळलेली स्प्रिंग आणि नवा शॉक दोघं मिळून दाराला वर फेकतात. लॉक सुटताच दार हातातून निसटतं, वरच्या स्टॉपरवर आपटतं, बिजागरीचे बोल्ट सैल होतात, आणि काही दिवसांत छपराच्या पत्र्यावर बिजागरीभोवती रंगाला बारीक तडे दिसतात. फायबरच्या बॉडीत तर बिजागरीची जागाच फुटते.

क्रम असा ठेवा: आधी बिजागरी आणि लॉकला तेल-ग्रीस, मग शॉक तपासणं किंवा बदलणं, आणि सगळ्यात शेवटी, तेही मोजूनच, स्प्रिंग.

शॉक गेलाय हे कसं ओळखायचं?

चकचकीत रॉडवरून स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. तेलाचा पट्टा उमटला तर सील गेलं. रॉडवर उभे ओरखडे असतील तर आज चालत असला तरी तो फार दिवस टिकणार नाही. दार टेकूवर ठेवून शॉक काढा आणि रॉड जमिनीला टेकवून अंगाच्या भाराने दाबून बघा. शॉकचा जोर न्यूटनमध्ये मोजतात. ३५० न्यूटनचा चांगला शॉक दाबायला साधारण ३६ किलोचा भार लागतो. एका हाताने सहज आत गेला तर तो मेलेला आहे. दाबताना मध्येच पोकळ जागा जाणवली, म्हणजे काही अंतर रॉड विनाजोर सरकला, तर आतलं तेल किंवा गॅस कमी झालेला आहे.

थंडीत सकाळी दार खाली येतं, दुपारी व्यवस्थित थांबतं. असं का?

आत नायट्रोजन असतो आणि त्याचा दाब तापमानाबरोबर बदलतो, ढोबळमानाने दर ३ अंशाला १ टक्का. शॉकवर छापलेला आकडा २० अंशाचा धरा. ३५० न्यूटनचा शॉक बेळगावच्या १४ अंशांच्या पहाटे सुमारे ३४३ न्यूटन देतो आणि एप्रिलच्या ३६ अंशांत सुमारे ३६९. नवीन असताना हा फरक कळतही नाही. जुना होऊन काठावर आला की तेवढ्यानेच दार घसरतं. म्हणजे सकाळचं घसरणं ही आगाऊ सूचना समजा. अथणी, रायबागकडचा उन्हाळा जास्त कडक, तिथे तोच जुना शॉक मे महिन्यात ठणठणीत वाटेल आणि डिसेंबरात दगा देईल. स्टीलच्या स्प्रिंगवर या तापमानाचा परिणाम जवळपास होत नाही.

किती न्यूटनचा शॉक घ्यायचा? वजन माहीत नाही.

वजन माहीत असायची गरज नाही. सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा, टेप आणि एक मदतनीस पुरे.

शॉक काढा, स्प्रिंग आहे तशी जोडलेली ठेवा. मदतनीसाने दार धरून आडवं आणायचं. दाराच्या खालच्या कडेला, मधोमध, काटा अडकवून सरळ वर ओढून दार तोलून धरा. दार हळूच वर जाताना एक आकडा आणि खाली येताना एक आकडा घ्या. दोन्हींची सरासरी हा खरा भार. फरक असतो तो बिजागरीच्या घर्षणाचा. आता दोन अंतरं मोजा: बिजागरीच्या पिनपासून काट्यापर्यंतचं, आणि बिजागरीच्या पिनपासून शॉकच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं. दुसरं माप बॉलपर्यंत (शॉकच्या टोकाचं सॉकेट ज्या गोल गुंडीवर बसतं तिच्यापर्यंत) घ्यायचं नाही. दोन्ही बॉलमधून जाणारी रेषा दोरी ताणून धरा आणि पिनपासून त्या दोरीपर्यंतचं सगळ्यात कमी अंतर मोजा. इथे बहुतेक जण चुकतात.

उदाहरण घेऊ. काटा ४ किलो दाखवतो, तो पिनपासून १ मीटरवर आहे. ४ × ९.८१ × १ = ३९ न्यूटन-मीटर. शॉकची रेषा पिनपासून १४ सेंटीमीटर, म्हणून ३९ ÷ ०.१४ = २८० न्यूटन. वर १५ टक्के धरले की ३२२. ३५० चा शॉक घ्या. तो त्या स्थितीत ४९ न्यूटन-मीटर देईल, म्हणजे दाराच्या कडेला साधारण १ किलोचा जोर शिल्लक राहील. दार थांबेल आणि बंद करायलाही हात दुखणार नाही. दोन शॉक असतील तर एकूण जोराची वाटणी करा: ३२२ साठी प्रत्येकी किमान १६१.

तेच दार स्प्रिंग सोडवून मोजलं आणि काट्यावर ११ किलो आले, तर स्प्रिंग ११ पैकी ७ किलो उचलते आहे. घरी बांधलेल्या दारांत स्प्रिंगने दोन तृतीयांशाच्या आसपास भार घ्यावा असं आमचं मत आहे. स्प्रिंग निम्म्याहूनही कमी घेत असेल तर शॉक फार मोठा लागतो, आणि तो मेला की दार डोक्यावर येतं.

शॉकची जागा बदलायची असेल तर जपून. १४ चं अंतर १३ झालं तर तोच शॉक ७ टक्के कमी काम करतो.

दुकानात काय सांगून मागायचं?

‘दाराचा शॉक द्या’ म्हटलं तर हातात डिकीचा येईल. लिहून न्या: पूर्ण उघडलेली लांबी (एका बॉलच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत), स्ट्रोक म्हणजे रॉड किती आत जातो ते, रॉड आणि नळीचा व्यास, टोकाचा प्रकार, आणि न्यूटन. व्यासाच्या जोड्या ठरलेल्या असतात: ६ आणि १५ मिलिमीटर, ८ आणि १८, १० आणि २२. दारांना बहुतेक ८-१८ येतो. बॉल सहसा १० मिलिमीटरचा, पण १३ चाही असतो. १३ च्या सॉकेटमध्ये १० चा बॉल बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच खड्ड्यात निसटतो. कॅटलॉगमध्ये या वस्तूला गॅस स्प्रिंग म्हणतात, ऑर्डर करताना गोंधळू नका.

जुन्या शॉकवरचं लेबल पुसलं गेलं असेल तर नळीवर ठोकलेला आकडा बघा, ३५० न्यूटन असा किंवा आधी शून्य लावून लिहिलेला असतो. हा जोर रॉड जवळजवळ पूर्ण बाहेर असतानाचा. आत दाबल्यावर तो २० ते ४० टक्के वाढतो.

बेळगावात तयार साठा मिळाला नाही तर कोल्हापूर किंवा हुबळीहून मागवावा लागतो. उद्यमबागेत हायड्रॉलिक्सचं काम चांगलं होतं, तिथे ब्रॅकेट आणि बॉल स्टड हवे तसे करून मिळतील. शॉक मात्र तयारच घ्या.

बदलायची नेमकी पद्धत काय?

दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, आणि वर छत किंवा पंखा नाही हे आधी बघून घ्या.

दार पूर्ण वर न्या. दाराच्या जाड कडेखाली, काचेखाली किंवा नुसत्या पत्र्याखाली नव्हे, फडकं गुंडाळलेला लाकडी टेकू लावा आणि मदतनीसाने हात काढायचा नाही. टेकू घसरतो, माणूस नसेल तर काम थांबवा.

सॉकेटच्या पाठीवरची स्टीलची क्लिप चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ३-४ मिलिमीटर उचला. पूर्ण उपटू नका, ती उडाली की सीटखाली सापडत नाही. सॉकेट बॉलपासून सरळ बाहेर ओढा. आधी दाराकडचं टोक, मग बॉडीकडचं.

मोकळे झालेले बॉल बघा. एका बाजूने घासून चपटे झाले असतील किंवा गंजाचे खड्डे असतील तर तेही बदला, नाहीतर नव्या प्लास्टिक सॉकेटला ते वर्षभरात खातील. एम ८ आट्याचा स्टड निळं थ्रेड लॉक लावून सुमारे २० न्यूटन-मीटरला आवळा. पत्र्याला वेल्ड केलेल्या नटमध्ये यापेक्षा जास्त जोर केला तर नट आत फिरतो आणि मग अस्तर फाडून काम करावं लागतं.

बॉलवर मटारच्या दाण्याएवढं ग्रीस लावा. रॉडवर काहीही लावायचं नाही. नवा शॉक पूर्ण उघडलेल्या स्थितीतच बसतो, हाताने दाबून बसवायच्या भानगडीत पडू नका. दोन-चार मिलिमीटर कमी पडले तर मदतनीसाने दार थोडं वर उचलायचं. ‘टक्’ असा आवाज आला की सॉकेट बसलं. मग हाताने ओढून खात्री करा.

टेकू काढा. पहिल्यांदा बंद करताना दार १०-१० सेंटीमीटर खाली आणून प्रत्येक वेळी बघा की नळी कुठे घासत नाही आणि वायरिंग मध्ये येत नाही. दार लागल्यावर शॉकमध्ये ५ ते १० मिलिमीटर स्ट्रोक शिल्लक हवा. तो पूर्ण दाबला गेला तर दार लागणारच नाही, आणि जोर करून लावलं तर ब्रॅकेट वाकेल.

रॉड वर की खाली?

दार बंद असताना रॉड खाली, नळी वर. म्हणजे तेल सीलवर राहतं. उलटा बसवला तरी पहिल्या दिवशी फरक दिसत नाही, पण सील कोरडं पडून शॉक लवकर जातो आणि दार शेवटी आपटतं.

मोजल्यावर खरंच स्प्रिंग ढिली निघाली. आट्याने आवळायची असेल तर कशी?

बाहेर बांधून घेतलेल्या बॉड्यांत बहुतेक वेळा ताणाची स्प्रिंग आणि आटे पाडलेला दांडा असतो. काम दार पूर्ण वर असतानाच करायचं, कारण त्या वेळी स्प्रिंगमधला ताण सगळ्यात कमी असतो. टेकू, मदतनीस, डोळ्यांना चष्मा. आधी नटच्या जागी दांड्यावर मार्करने खूण करा आणि बाहेर आलेले आटे मोजून लिहा. लॉकनट सैल करा, मुख्य नट अर्धा फेरा फिरवा, दार आडवं आणून काट्याने परत मोजा. अर्ध्या फेऱ्याने किती किलो बदलले हे कळलं की पुढचा अंदाज बरोबर येतो. एका बैठकीत दोन फेऱ्यांच्या वर जावं लागत असेल तर थांबा. स्प्रिंग थकली आहे किंवा हूक वाकला आहे. नटमध्ये दांडा किमान व्यासाएवढा अडकलेला राहिला पाहिजे, एम १० असेल तर १० मिलिमीटर. शेवटी लॉकनट.

एका दाराला दोन स्प्रिंग असतील तर दोन्हींना सारखेच फेरे द्या. नाहीतर दार पिळतं, पुढचं लॉक लागतं आणि मागचं अधांतरी राहतं.

टॉर्शन बारचा ताण घरी बदलता येतो का?

तत्त्वतः येतो, पण त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आणि त्याचाच खास दांडा नसेल तर हात लावू नका. बारच्या टोकाला दात असतात आणि ते हबमध्ये, म्हणजे बारचं टोक धरणाऱ्या कड्यात, अडकतात. हब सोडताना साठलेला पीळ दांड्यावर येतो, आणि साधा पान्हा किंवा पाइप घसरला तर मनगट मोडतं. तोंड त्या दांड्याच्या फिरण्याच्या वाटेत कधीच आणू नये.

समजण्यासाठी हिशेब: टोकाला ३६ दात असतील तर एक दात म्हणजे १० अंश. दुसऱ्या टोकाला ३७ असतील तर तिथे एक दात ९.७३ अंश. एक टोक एक दात पुढे आणि दुसरं एक दात मागे केलं की फक्त पाव अंशाचा फरक साधता येतो. दोन टोकांना वेगळे दात ठेवण्यामागे हेच कारण असतं.

काढण्यापूर्वी हब, बार आणि बॉडी यांवर एका रेषेत रंगाची खूण करा. डावा-उजवा बार अदलाबदल करू नका. कारखान्यात एकाच दिशेने पीळ देऊन बसवलेला बार उलट्या बाजूला लावला की तो खचतो किंवा तुटतो. बारवर व्हाइस पान्ह्याचा दाताचा ठसाही चालत नाही, तडा तिथूनच सुरू होतो. आणि ‘लेथवर तसाच बार करून घेऊ’ हा विचार सोडा. बारचा जोर व्यासाच्या चौथ्या घातावर जातो: १० टक्के जाड केला तर तो जवळजवळ ४६ टक्के जास्त कडक होतो, आणि योग्य पोलाद आणि उष्णता-प्रक्रिया नसेल तर पहिल्या काही दिवसांतच पीळ धरून ठेवायचा बंद होतो.

नवे शॉक टाकल्यापासून दार बंद करायला जोर लागतो.

आधी रबर बघा. नवं रबर बीडिंग दाराला बाहेर ढकलतं आणि दोष शॉकवर येतो. दार लॉकपासून १०-१५ सेंटीमीटरपर्यंत सहज येतं आणि शेवटीच अडतं, तर रबर किंवा लॉकचा कडा. सगळ्या वाटेवर जड असेल तर शॉक जास्त न्यूटनचा आहे किंवा आधी कुणीतरी स्प्रिंग आवळून ठेवली आहे. बरीच जुनी प्रकरणं या दुसऱ्या प्रकारात निघतात.

लॉक सोडताच दार उडत असेल तर शॉकची रेषा तपासा. दार बंद असताना ती पिनच्या अगदी जवळून गेली पाहिजे, म्हणजे शॉकचा जोर दाराला फिरवण्याऐवजी बिजागरीवर जातो.

एकच शॉक गेलाय, एकच बदलू का?

एका दारावर दोन असतील तर दोन्ही बदला. डाव्या-उजव्या दारांचं वेगळं चाललं तरी चालतं.

गॅस परत भरून मिळतो का?

भोक पाडून, गॅस भरून, वेल्ड करून देणारे भेटतात. करू नका. ८ मिलिमीटर रॉडच्या ३५० न्यूटनच्या शॉकमध्ये सुमारे ७० बारचा दाब असतो, म्हणजे कारच्या टायरच्या जवळपास तीसपट. नळीच्या पातळ भिंतीवर वेल्डिंग म्हणजे जिवाशी खेळ.

व्हॉल्व्ह असलेले शॉक मिळतात, आणि एकट्यादुकट्या बांधणीला तेच बरे. थोडा जास्त न्यूटनचा घ्यायचा, व्हॉल्व्हचं टोक वर धरून क्षणभर गॅस सोडायचा, दार तपासायचं, परत क्षणभर. सोडलेला गॅस परत भरता येत नाही, म्हणून घाई करू नका.

खानापूरचा पाऊस आणि इथल्या धुळीत काय काळजी घ्यायची?

खानापूर, कणकुंबी, चोर्ला घाटाच्या बाजूला गाडी असेल तर पावसाळ्यापूर्वी आणि नंतर बॉल आणि बिजागरीला ग्रीस. छपराच्या बिजागरीजवळची पाण्याची भोकं तारेने मोकळी करा. ती तुंबली की पाणी टॉर्शन बारच्या खोबणीत साचतं. उद्यमबाग, मच्छे परिसरात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रॉडवर फाउंड्रीची काळी वाळू बसते आणि ती सील कापते. आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने पुसा. ग्रीस लावलेला रॉड धूळ जास्त धरतो.

आणि जून-जुलैच्या वाऱ्यात दार वाऱ्याच्या दिशेला उघडं ठेवू नका. हिशेबातले १५ टक्के झोताला पुरत नाहीत. फिरत्या दुकानाच्या मोठ्या फ्लॅपला शॉकशिवाय पिनने अडकणारा टेकू हवाच, कारण खाली गिऱ्हाईक उभं असतं.

हे सगळं साध्या डिकीला लागू होतं का?

मोजण्याची आणि बदलण्याची पद्धत तीच. स्प्रिंगचा भाग बहुतेक डिक्यांत नसतोच. मागे स्पॉयलर किंवा जादा वायपर बसवला असेल तर मूळ न्यूटन पुरणार नाहीत, परत मोजा.

साध्या गाडीला गल-विंग दारं बसवली तर आरटीओ अडवेल का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालत नाही. छप्पर कापून दार वर नेणं हा बॉडीच्या मजबुतीतलाच बदल आहे. गाडी बेळगावची केए-२२ असो की चिक्कोडीची केए-२३, पासिंगला आणि अपघातानंतर विम्याच्या वेळी प्रश्न येणारच. प्रदर्शनाची, रस्त्यावर न येणारी गाडी वेगळी. गाडी उलटली तर छपराचं दार उघडत नाही हेही लक्षात घ्या. मर्सिडीज एसएलएस एएमजीमध्ये यासाठी बिजागरीत स्फोटक बोल्ट दिले होते. घरगुती बांधणीत निदान काच फोडायचा हातोडा चालकाच्या हाताशी पाहिजे.

जुने शॉक भंगारात टाकावेत का?

टाका, पण भंगारवाल्याला ते दाबाचे आहेत हे तोंडाने सांगा. कापू नका, आगीत टाकू नका, व्हाइसमध्ये धरून भोक पाडू नका. गॅस गेलेला वाटला तरी आत दाब उरलेला असू शकतो. मुलांच्या हाती लागणार नाहीत असे बाजूला ठेवा आणि इतर लोखंडात न मिसळता वेगळे द्या.